दिवा दुरुस्त करणारी

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं, की तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी लागते. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं आश्रम काढला. त्यांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीचा वेगळा अध्यायच आहे. त्याच मुलखात मी वाढलो. लहानपणी कंदिलाची काच राखेनं पुसणं, वात कातरणं, रॉकेल जपून ओतणं ही कामं आईच करायची. उजेड हे बायकांचं खातं होतं. वीज आली आणि ते खातं वायरमनकडे, म्हणजे पुरुषाकडे गेलं.

परतवाड्यावरून घाट चढला की मेळघाट. तिथं कितीतरी कोरकू ढाण्यांवर वायरमनही पोचला नाही. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होता. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर जंगलातून तारा न्यायच्या तर परवानगीची वाट पाहणं आलं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत रंगुबेली आणि आसपासच्या गावांनी मतदानावर बहिष्कार टाकला. मागणं साधंच होतं: वीज, रस्ता, पाणी.

अशा गावाला सूर्याचा दिवा बरा, असं कोणीही म्हणेल. पण एका ढाण्यावर मी पाहिलेली गोष्ट सांगतो. पाट्या बसल्या, फोटो निघाले, दोन पावसाळ्यांत दिवे बंद. पाट्या धडधाकट होत्या. बॅटरीतलं पाणी आटलं होतं, एवढंच. ते भरायचं कसं हे ढाण्यावर कोणाला दाखवलंच नव्हतं, आणि मेकॅनिक शहरातून येणार होता. तो काही आला नाही. पाट्यांवर मिरच्या वाळत पडल्या होत्या.

या दुखण्यावर औषध राजस्थानात सापडलं. अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियात बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये जी संस्था काढली, ती आज बेअरफूट कॉलेज म्हणून ओळखली जाते. तिथला अनुभव असा, की तरुण पोराला शिकवलं तर तो प्रमाणपत्र घेऊन शहर गाठतो. म्हणून त्यांनी मध्यम वयाच्या, नातवंडं असलेल्या बायका निवडल्या. त्या गाव सोडून जात नाहीत. अक्षरओळख नसली तरी चालते. शिक्षण सहा महिन्यांचं, रंगांनी आणि खुणांनी. सर्किटातल्या रोधकांवर रंगाचे पट्टे असतात. ते ओळखून जागच्या जागी बसवायचे, भांड्याला डाक देतात तसा डाक द्यायचा. बॅटरी जास्त भरू नये, पार रिकामीही होऊ नये म्हणून मधे कंट्रोलर असतो, तो त्या स्वतःच जोडतात. २००८ पासून भारत सरकारच्या मदतीनं आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या बायकाही तिथं शिकायला आल्या. शिकवणारीची भाषा शिकणारीला येत नव्हती, तरी दिवे लागले.

हे मी आमच्या गावात सांगितलं, तर एकजण म्हणाला, "बाईले हे जमन काय?" ओट्यावरची मावशी लगेच बोलली, "कावून नाई जमन? चूल काय तुह्या बापानं पेटवली व्हय?"

आपल्या पवईच्या आयआयटीनंही २०१४ मध्ये मुलांच्या अभ्यासासाठी दहा लाख सौर दिव्यांची योजना घेतली. दिवे गावच्याच माणसांनी जोडायचे, विकायचे आणि दुरुस्त करायचे, ही त्यातली अट. राजस्थानच्या डुंगरपुरात आदिवासी बायका आधी हे दिवे जोडायला शिकल्या. पुढे सौर पाट्या तयार करणाऱ्या कारखान्याच्या त्या मालकीण झाल्या.

तिलोनियाच्या रीतीत आणखी एक शहाणपण आहे. गावची समिती घरटी महिन्याला पैसे गोळा करते, साधारण रॉकेल आणि बॅटरीवर जायचे तेवढेच. त्यातून दुरुस्त करणारीला मानधन मिळतं. फुकटच्या दिव्याला धनी नसतो. पैसे मोजले की लोक हक्कानं विचारतात, दिवा का बंद?

मेळघाटातल्या प्रत्येक ढाण्यावर अशा दोन बायका हव्यात. एक आजारी पडली तर दुसरी असेल. हाताशी सुट्या भागांची पेटी हवी आणि हिशेबाची वही हवी. पाट्यांसाठी निधी कुठूनही येईल. बाईच्या सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी तो आधी बाजूला काढला, तर तिसऱ्या पावसाळ्यातही पोरं उजेडात वाचतील.