सातशे पोरांची खुर्ची

परवा एका सत्काराला गेलो होतो. लेखकाची पंचाहत्तरी. आपल्या गोव्यात असले कार्यक्रम कसे होतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. शाल, श्रीफळ, समई, फ्रेममधलं मानपत्र आणि पाच वक्ते. ते मानपत्र कुणी वाचलं, कुणी लिहिलं, काही कळलं नाही. सत्कारमूर्तीचं एकही पुस्तक त्यात नीट उल्लेखलेलं नव्हतं, नाव बदलून दुसऱ्या कुणालाही देता आलं असतं. घरी परतताना मला राहून राहून एका खुर्चीची आठवण येत होती. एका कवीला त्याच्या वाढदिवसाला मिळालेल्या खुर्चीची. ती दुसऱ्या कुणालाच देता आली नसती.

कवी म्हणजे हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो. आमच्या पिढीला तो शाळेत भेटला. मराठी चौथी करून इंग्रजी हायस्कुलात गेलेल्या आम्हा पोरांना आमच्या मास्तरांनी त्याची ‘द व्हिलेज ब्लॅकस्मिथ’ ही कविता शिकवली. चेस्टनटचं झाड आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, मास्तरांनीही नाही. ते म्हणाले, “वडासारखं समजा.” आम्ही समजलो. लोहार मात्र समजावून सांगावा लागला नाही. आदोळीला धार लावायला आई मलाच पाठवायची. भात्याचा श्वास, ठिणग्या, ऐरणीवरचा घणाचा ठेका, हे सगळं ओळखीचं होतं. त्यामुळे कित्येक वर्षं माझ्या डोक्यात लाँगफेलोचा लोहार आमच्याच वाड्यावर, वडाखाली बसलेला होता.

पण तो खरा होता, आणि झाडही खरं होतं, हे पुष्कळ उशिरा कळलं.

हे केंब्रिज इंग्लंडातलं नव्हे, अमेरिकेतलं, बोस्टनला लागून असलेलं. लाँगफेलो १८३६ पासून तिथल्या हार्वर्डमध्ये आधुनिक युरोपीय भाषा शिकवायचा. १८३७ मध्ये तो ब्रॅटल स्ट्रीटवरच्या एका मोठ्या जुन्या घरात भाडेकरू म्हणून राहायला आला. घराला इतिहास होता. १७७५-७६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा मुक्काम आणि लष्करी कचेरी तिथंच होती. पुढं १८४३ मध्ये लाँगफेलोचं फॅनी ॲपलटनशी लग्न झालं तेव्हा सासऱ्यांनी ते घर विकत घेऊन जोडप्याला दिलं. त्या घरातून कॉलेजकडे जायच्या रस्त्यावर डेक्स्टर प्रॅट नावाच्या लोहाराची भट्टी होती आणि तिच्यावर एका हॉर्स चेस्टनटची सावली. जाता-येता पाहिलेलं ते दृश्य १८४० मध्ये कविता होऊन छापलं गेलं. लाँगफेलोचा एक पूर्वजही लोहार होता. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यानं म्हटलं होतं की हवं तर ही कविता आपल्या त्या पूर्वजाचंच स्तवन समजा. प्रोफेसराच्या घराण्यात लोहार, आणि त्याची लाज नाही. हे मला फार आवडतं.

कविता गाजली. किती, याची कल्पना आज येणार नाही, कारण विसाव्या शतकातल्या समीक्षकांनी लाँगफेलोला जवळजवळ अडगळीत टाकलं. पण त्याच्या काळात तो घराघरात वाचला जाई, इंग्लंडातसुद्धा. १८८४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या कवींच्या कोपऱ्यात त्याचा अर्धपुतळा बसवला, तो मान मिळालेला तो पहिला अमेरिकन. लोहार प्रॅट १८४७ मध्येच वारला. त्याचं घर पुढं १८७० मध्ये मेरी वॉकर नावाच्या बाईनं विकत घेतलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या गुलामीतून ती निसटून आली होती. तो वेगळा लेखाचा विषय आहे, कधीतरी लिहीन.

माणसं गेली, भट्टी गेली, झाड राहिलं. ते पाहायला लोक येत.

मग १८७६ साल उजाडलं. फांद्या रस्त्यावर खाली आल्या आहेत, माल लादून जाणाऱ्या गाडीवानांना धोका आहे, असं कारण पुढं आलं. रस्ता रुंदही करायचा होता. लाँगफेलोनं आणि आणखी काहींनी विरोध केला. देशातला सर्वांत लोकप्रिय कवी, त्याच्या सर्वांत लोकप्रिय कवितेतलं झाड, त्याच्याच गावात. तरी झाड पडलं!

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत महामार्ग रुंद झाला तेव्हा किती वड, किती आंबे गेले ते आपण बसच्या खिडकीतून पाहिलंय. रस्त्याचं कारण सगळीकडे एकच असतं, आणि बरेचदा ते अगदीच खोटंही नसतं. गाडीवानाचं डोकं फुटू नये हे मलाही पटतं. फरक असलाच तर पुढच्या गोष्टीत आहे. आपल्याकडे त्या लाकडाचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

केंब्रिजमध्ये ते विचारलं गेलं. झाडाचं लाकूड राखून ठेवलं होतं. पुढं ठरलं की लाँगफेलोच्या बहात्तराव्या वाढदिवसाला, २७ फेब्रुवारी १८७९ रोजी, त्या लाकडाची एक आरामखुर्ची गावातल्या मुलांनी त्याला द्यायची. सुमारे ७०० मुलांनी वर्गणी दिली. प्रत्येकी एक डाइम, म्हणजे १० सेंट, असं सांगतात. हिशेब केला तर ७० डॉलर होतात. आता, ही कल्पना मुलांच्याच डोक्यातून निघाली असं मी म्हणणार नाही. खुर्चीवरच्या मजकुरात मुलांबरोबर ‘त्यांचे स्नेही’ असाही उल्लेख आहे, आणि हे स्नेही कोण ते शाळेत गेलेल्या कुणालाही कळेल. आम्हीही शाळेत असताना वर्गणी काढायचो, पण वही मास्तरांच्या हातात असायची. तरीही प्रत्येक पोरानं खिशातून नाणं काढून देणं आणि एखाद्या धनिकानं चेक फाडणं यात अंतर आहेच. ज्यानं नाणं दिलं त्याचा त्या खुर्चीत सातशेवा हिस्सा होता.

खुर्चीचा आराखडा कवीच्या पुतण्यानं केला, विल्यम पिट प्रेबल लाँगफेलो. तो आर्किटेक्ट होता. लाकडाला शिसवीसारखा काळा रंग दिलेला. हातांवर आणि बैठकीवर हिरवं चामडं. पायांच्या चाकांच्या जागी काचेचे गोळे. पाठीवर मधोमध गोल नक्षी, तिच्यात हॉर्स चेस्टनटची पानं आणि फुलोरा कोरलेला. बाकी ठिकाणीही तीच पानं, तीच काटेरी फळं. म्हणजे तोडलेल्या झाडाच्या लाकडावर त्याच झाडाची पानं कारागिरानं छिन्नीनं परत आणली होती. गादीखाली पितळी पट्टी, तिच्यावर कुणाला, कुणाकडून, कशाकरता, आणि तारीख.

आणि बैठकीच्या कडेनं कवितेतल्या ओळी कोरलेल्या. माझ्या मते सगळी गंमत या ओळींच्या निवडीत आहे. सुरुवातीच्या, सगळ्यांना पाठ असलेल्या, झाडाच्या ओळी सहज घेता आल्या असत्या. लाकूड त्या झाडाचंच ना? पण त्या घेतल्या नाहीत. ज्या कडव्यात शाळेतून घरी परतणारी मुलं लोहाराच्या उघड्या दारातून आत डोकावतात, त्यातल्या ओळी घेतल्या. त्या कवितेत शाळकरी मुलं एकदाच येतात, दारापाशी. नाणं देणाऱ्या मुलांनी, किंवा त्यांच्या वतीनं कुणीतरी, कवितेत स्वतःची जागा नेमकी शोधून काढली होती. मानपत्र लिहिणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं असलं की असं होतं.

साहित्यिकाच्या झाडाच्या लाकडाचं याआधी काहीच झालं नव्हतं असं नाही. स्ट्रॅटफर्डला शेक्सपियरनं लावलेलं म्हणून सांगितलं जाणारं तुतीचं झाड होतं. लोक पाहायला येतात याचा वैताग येऊन १७५० च्या दशकात घराच्या मालकानं, रेव्हरंड गॅस्ट्रेल यांनी, ते तोडून टाकलं. थॉमस शार्प नावाच्या एकानं लाकूड घेतलं आणि त्याच्या डब्या, पेले करून वर्षानुवर्षं विकले. एका झाडातून इतक्या वस्तू निघाल्या की लोकांना संशय येऊ लागला, आणि शेवटी त्याला शपथेवर सांगावं लागलं की लाकूड खरं आहे. तो धंदा होता. शेक्सपियर तर केव्हाच गेलेला. केंब्रिजमध्ये कवी जिवंत होता, आणि झाड तोडू नका असं सांगून हरलेला होता. म्हणून मला त्या खुर्चीत कौतुकाबरोबर थोडी दिलगिरीही दिसते. पट्टीवर तसं कुठं लिहिलेलं नाही, हा माझा कयास. मात्र ती दिलगिरी असलीच तर ती झाड तोडणाऱ्यांनी पोरांच्या खिशातून दिली, हेही म्हणायला हवं.

खुर्ची ज्या घरात आली ते घर तोवर बरंच शांत झालं होतं. जुलै १८६१ मध्ये फॅनीच्या कपड्यांनी पेट घेतला. ती धावत नवऱ्याच्या अभ्यासिकेत आली. गालिच्यात गुंडाळून ज्वाला विझवताना लाँगफेलोचे हात आणि चेहरा भाजला. दुसऱ्या दिवशी ती गेली. तो अंथरुणाला खिळलेला, अंत्यसंस्काराला जाऊ शकला नाही. चेहऱ्यावरचे व्रण झाकायला त्यानं जी दाढी वाढवली, ती आज त्याच्या प्रत्येक चित्रात आपण ‘ऋषितुल्य’ म्हणून पाहतो. त्याच अभ्यासिकेत ही काळी खुर्ची ठेवली गेली.

त्यानं आभाराचं पत्र न लिहिता कविता लिहिली, ‘फ्रॉम माय आर्म-चेअर’. मुलांना उद्देशून. हे सिंहासन माझं म्हणायचा मला हक्क कोणता, असा प्रश्न तो विचारतो, आणि मग ते झाड पुन्हा फुलोऱ्यात आलेलं, त्यावर मधमाश्या घोंगावणारं, आठवत बसतो. पुढं १८८० च्या ‘अल्टिमा थूली’ या संग्रहात ती आली. पण आधी त्यानं तिच्या सुट्या प्रती छापून घेतल्या, खुर्ची पाहायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला एकेक देण्यासाठी. आणि घरात सक्त ताकीद दिली की खुर्ची पाहायची म्हणून आलेल्या कुठल्याही मुलाला परत पाठवायचं नाही.

मुलं आली. कितीतरी महिने येत राहिली. न्यू इंग्लंडचा चिखल बुटांना घेऊन वॉशिंग्टनच्या त्या दिवाणखान्यांमधून त्यांची ये-जा चालली आणि घरातल्या मोलकरणी रडकुंडीला आल्या, असं वर्णन आहे. मोलकरणींची बाजू कुणी लिहून ठेवलेली नाही, पण शेणानं सारवलेल्या जमिनीवर चवथीला पाहुण्यांची रीघ लागलेल्या घरातली बाई ती बरोबर सांगेल.

कवितेतली मुलं लोहाराच्या दारात उभी राहायची. चाळीस वर्षांनी खरी मुलं कवीच्या दारात आली, आणि हा उठून त्यांना आत घ्यायचा.

डिसेंबर १८८० मध्ये केंब्रिज वसल्याला अडीचशे वर्षं झाली. हार्वर्डच्या सँडर्स थिएटरात सकाळी शाळकरी मुलांची सभा भरली होती, सुमारे हजार मुलं. मंचावर ती खुर्ची आणून ठेवलेली. लाँगफेलो सहसा भाषण करत नसे, त्या दिवशी मुलांपुढं चार शब्द बोलला. नंतर मुलांनी सह्यांसाठी त्याला गराडा घातला.

फेब्रुवारी १८८२ मध्ये त्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस देशभरच्या शाळांतून साजरा झाला. तब्येत खालावली होती. १८ मार्चच्या शनिवारी बोस्टनहून चार शाळकरी मुलं आधी परवानगी मागून भेटायला आली. त्यानं त्यांना अभ्यासिकेतल्या वस्तू दाखवल्या, खिडकीतून चार्ल्स नदी दाखवली, चौघांच्या वह्यांत सही केली. त्या रात्री तो आजारी पडला आणि २४ मार्चला गेला.

खुर्ची त्याच घरात, त्याच अभ्यासिकेत आहे. घर आता राष्ट्रीय स्मारक आहे, कुणालाही जाऊन पाहता येतं.