ग्रंथिक सन्निपात आणि देहाची तटबंदी

पुण्याच्या प्लेगाची गोष्ट निघाली की आपण थेट गणेशखिंडीत जाऊन पोहोचतो. २२ जून १८९७ ची रात्र, रँडसाहेब, चापेकर बंधू. ते योग्यच आहे. परंतु रँड ज्याच्या बंदोबस्तासाठी आला त्या जंतूचा इतिहास आपण डॉक्टरांवर सोपवून मोकळे होतो. आम्हाला आज तिकडे वळावयाचे आहे, आणि वाट बुधवार पेठेतूनच जाते.

या पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. (तो वाडा २०२३ साली स्मारकासाठी पाडण्यात आला.) पुढे ग्रंथिक सन्निपाताने पुणे गाठले, तेव्हा यशवंतरावांनी हडपसरजवळ दवाखाना थाटला आणि सावित्रीबाई रोगी आणू लागल्या. मुंढव्याचे एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून आणले. पोर वाचले असे सांगतात. सावित्रीबाई मात्र १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या.

जंतू कोणता, हे येर्सिनने १८९४ सालीच हाँगकाँगला दाखविले होते. उंदरावरची पिसू तो वाहते, हे सिमाँने १८९८ साली सांगितले. पण देह त्याच्याशी कसा लढतो, हे कळावयास बराच काळ जावा लागला. १९८७ साली मायकेल झॅसलॉफ यांनी एक साधीच गोष्ट मनावर घेतली: शस्त्रक्रिया केलेले बेडूक घाणेरड्या पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नव्हत्या. बेडकाच्या कातडीत जंतुनाशक पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांच्याच जातीच्या आखूड साखळ्या, सापडल्या. माणसाच्या कातडीत व पांढऱ्या पेशींतही अशी पेप्टाइडे असतात. त्यांपैकी एलएल-३७ हे १९९५ साली उजेडात आले. त्यात ३७ अमिनो आम्ले ओवलेली असतात. त्यावर धन विद्युतभार असतो आणि जंतूच्या आवरणावर ऋण. म्हणून ते आवरणाला चिकटते व त्याला खिंडार पाडते. शिवाय मेलेल्या जंतूंतून सुटणाऱ्या विषाला ते धरून ठेवते, त्यामुळे दाह आवरतो. शिपायानेच आगही विझवावी, असा हा प्रकार.

मग प्लेगापुढे ही तटबंदी का ढासळते? पिसवेच्या अंगातील २६ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत हा जंतू आपल्या आवरणाचा ऋणभार कमी करून घेतो; पेप्टाइडांना पकड मिळत नाही. माणसाच्या ३७ अंशांत आल्यावर तो वेष पालटतो. आता आवरणातील विषाचा घाट असा होतो की देहाच्या पहारेकऱ्यांना ते नीट ओळखूच येत नाही. जोडीला त्याच्यापाशी एलएल-३७ चे तुकडे करणारे विकर आहे. प्रारंभी दाह उठतच नाही. जंतू गुपचूप जांघेतल्या, काखेतल्या गाठींत वाढतो. गाठ सुजून दिसते तोवर शत्रू आत येऊन बसलेला असतो.

या पहिल्या फळीच्या पाठीशी दुसरी फळी अगोदरच उभी करण्याची युक्ती तेव्हा मुंबईत तयार होती. मारलेल्या जंतूंची लस हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली होती. सावित्रीबाईंच्या मृत्यूपूर्वी बरोबर दोन महिने.