वार्तांकनातील वेग आणि सखोलता

वार्तांकनातील वेग आणि सखोलता यांचा समतोल हा पत्रकारितेतील एक मूलभूत प्रश्न आहे. बातमी तातडीने पोहोचवणे आणि तिची शहानिशा व कारणमीमांसा करणे, ही दोन्ही वृत्तमाध्यमांची कर्तव्ये मानली जातात.

पार्श्वभूमी
बाळशास्त्री जांभेकर यांचे 'दर्पण' (१८३२) प्रारंभी पाक्षिक होते, तर 'केसरी' (१८८१) साप्ताहिक म्हणून सुरू झाला. दोन अंकांमधील अवधीत मजकूर पडताळण्यास वाव मिळे. वृत्तवाहिन्या व समाजमाध्यमांमुळे हा अवधी मिनिटांवर आला.

शहापूर तालुक्यातील उदाहरणे
३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळले. प्रारंभीच्या बातम्यांतील मृतांची संख्या बचावकार्यादरम्यान वाढत जाऊन २० झाली. पहिले आकडे त्या क्षणापुरतेच होते. ते अंतिम समजले गेल्यास वाचकाची दिशाभूल होते. दुर्घटनेचे वृत्त तातडीने देता येते. तिच्या कारणांना मात्र तपासाची वाट पाहावी लागते.

डोळखांब ज्या तालुक्यात आहे, त्याच शहापुरातील भातसा व तानसा धरणांतून मुंबईला पाणी मिळते. मात्र तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावे लागते. ही टंचाई एका क्षणी घडत नसल्याने ती 'ताजी बातमी' ठरत नाही. टँकरची नोंद एका दिवसात होते. धरणाशेजारी तहान का उरते, हे सांगण्यास दीर्घकाळचे क्षेत्रीय वार्तांकन लागते. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले 'पारी' हे संकेतस्थळ ग्रामीण भारताविषयी असे वार्तांकन मराठीसह अनेक भाषांत प्रसिद्ध करते.