जसेच्या तसे पान : प्रतिरूप ग्रंथांच्या अभ्यासाची प्रस्तावना

महाड सोडून दक्षिणेकडे निघाले की महामार्गावर, सावित्रीच्या काठी, पोलादपूर लागते. इथून एक रस्ता आंबेनळी घाटाने प्रतापगड आणि महाबळेश्वराकडे चढतो, दुसरा कशेडी घाटातून खेडकडे उतरतो. या गावात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांवर ‘शिवभारत’ हे संस्कृत महाकाव्य लिहिणारा हा कवी पोलादपूरच्या मातीत विसावला. त्याच्या काव्याची पोथी मात्र दूर दक्षिणेत, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली. सदाशिव महादेव दिवेकरांनी तिचे संपादन करून मराठी भाषांतरासह ती १९२७ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे छापली, तेव्हा कुठे ती सर्वसामान्य मराठी वाचकाच्या हाती आली.

कवी एका गावात, पोथी दुसऱ्या प्रांतात आणि वाचक तिसरीकडेच, अशी आपल्या बहुतेक जुन्या ग्रंथांची स्थिती आहे. हे अंतर कमी करण्याचे जे मार्ग आहेत त्यांतला सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे प्रतिरूप आवृत्ती. मूळ पान त्याच आकारात, त्याच ओळींत, त्यावरच्या डागांसह आणि खाडाखोडीसह छापायचे, याला छपाईच्या व्यवसायात फॅक्सिमिली म्हणतात. मी इथे ‘प्रतिरूप’ हा शब्द वापरतो. या पुस्तकाची पुढची प्रकरणे अशा प्रतिरूपांकडे कसे पाहावे, ती कशी होतात आणि त्यांवर किती विसंबावे याविषयी आहेत. संस्कृत किंवा मोडी न येणाऱ्या वाचकानेही संकोच न करता आत यावे. या अभ्यासाचे पहिले साधन नजर आहे, आणि ती प्रत्येकाजवळ आहे.

प्रतिरूपाची गरज काय, असा प्रश्न साहजिक आहे. ग्रंथ छापला गेला, शब्द हाती आले, मग जुन्या पानाचे चित्र कशाला? उत्तर शिवभारतातच शोधू. शिवजन्माची तिथी सांगताना परमानंद अंक लिहीत नाहीत. पृथ्वी म्हणजे एक, बाण म्हणजे पाच, प्राण म्हणजे पाच, चंद्र म्हणजे एक, अशा शब्दांनी ते शक १५५१ सांगतात. असे शब्दांक उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात. इथे दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येते. त्या शकातली फाल्गुन वद्य तृतीया म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. जेधे शकावली या सालवार नोंदींच्या यादीतही हीच तिथी आहे. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी ती शकावली प्रसिद्ध केली आणि जन्मतिथीच्या वादाला वेगळे वळण मिळाले, कारण बखरींतून चालत आलेले वर्ष शक १५४९ होते. नक्कल करताना अंक सहज बदलतो. चारचा पाच होतो, नऊचा एक होतो. शब्दात सांगितलेली संख्या अशी घसरत नाही, कारण ती वृत्तात बसवलेली असते. अशा वादात दोन्ही साधनांची मूळ पाने शेजारी ठेवून पाहता आली, तर कुठे अंक आहे, कुठे शब्द आहे, कुठे कोणी नंतर गिरवले आहे, हे वाचकाला स्वतः ठरवता येते.

दुसरे उदाहरण याच ग्रंथाच्या शेवटाचे. उपलब्ध शिवभारत बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच थांबते. कथा महाराजांच्या १६६१ च्या कोकण मोहिमेपर्यंत येते आणि पुढे काही नाही. छापील पुस्तकात हा शेवट फक्त एक रिकामी जागा असतो. पोथीच्या पानावर मात्र त्याचे निरनिराळे अर्थ होऊ शकतात. ओळ पानाच्या मध्यावर थांबली आणि खाली कोरी जागा उरली, तर नक्कलकारापुढच्या प्रतीतच पुढचा मजकूर नसावा. ओळ पानाच्या अगदी तळाशी संपत असेल, तर पुढची पाने गहाळ झाली असण्याची शक्यता आहे. कवीने काव्य पुरे केले की नाही, या मोठ्या प्रश्नाचा एक धागा त्या कोऱ्या जागेत असतो, आणि छपाईचा खिळा तो दाखवू शकत नाही.

म्हणून या अभ्यासाचे सार मी एका वाक्यात सांगतो. संपादित आवृत्ती वाचकाला मजकूर देते. प्रतिरूप त्याला तो मजकूर पडताळण्याचा हक्क देते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हा हक्क हातचा गेल्याचे एक दुःखद उदाहरण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापली. एकनाथांनी केलेल्या पाठशुद्धीपूर्वीचा पाठ म्हणून तिच्यावर दीर्घ काळ चर्चा झाली, तिच्या भाषेवर व्याकरणे रचली गेली. मूळ पोथी मात्र पुढच्या अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. एखादे अक्षर राजवाड्यांनी असे का वाचले, ते खरोखर तसेच होते का, हे आज पोथीला विचारता येत नाही. राजवाड्यांची विद्वत्ता वादातीत आहे. पण सर्वांत मोठ्या विद्वानाच्या वाचनालाही साक्षीदार हवा. त्या पोथीच्या चार पानांची चांगली छायाचित्रे राहिली असती, तर कितीतरी वाद तिथल्या तिथे मिटले असते.

जगात या विचाराला बळ आले ते फोटोग्राफीमुळे. त्यापूर्वीही जुनी अक्षरे हुबेहूब उतरवण्याचे प्रयत्न होत, पण ते चित्रकाराच्या हातून आणि म्हणून त्याच्या समजुतीतून होत. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये हेन्री जेम्स यांनी डोम्सडे बुक हे मध्ययुगीन जमीनमहसुलाचे दप्तर छायाचित्रावरून जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापले. त्याच सुमारास, १८६१ साली, थिओडोर गोल्डस्ट्युकर या संस्कृत पंडिताने मानव कल्पसूत्राच्या लंडनमधील एका हस्तलिखिताचे प्रतिरूप प्रसिद्ध केले. त्याला त्यांनी जोडलेली प्रस्तावना वाढत वाढत पाणिनीच्या स्थानाविषयीचा स्वतंत्र ग्रंथ झाली आणि आजही ती वाचली जाते. १८७४ साली पतंजलीच्या महाभाष्याचे फोटो-लिथोग्राफीने केलेले प्रतिरूपही लंडनहून निघाले. विसाव्या शतकात लोकेश चंद्र यांनी गिलगिटच्या बौद्ध हस्तलिखितांची प्रतिरूपे काढली. हिमालयापलीकडच्या त्या पानांवर जगभरच्या अभ्यासकांनी काम केले, ते मोठ्या प्रमाणात या मुद्रणाच्या आधाराने.

आपल्या किनाऱ्यावरचे एक उदाहरण तर फार बोलके आहे. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोंकणी ‘दौत्रिन क्रिश्तां’ १६२२ साली गोव्यात रायतूर येथे रोमी अक्षरांत छापले गेले. त्याचे प्रतिरूप मारियानु साल्दान्हा यांनी १९४५ साली लिस्बनमध्ये प्रस्तावना आणि शब्दकोशासह काढले. त्यामुळे चारशे वर्षांपूर्वी कोंकणी ध्वनी रोमी अक्षरांत कसे बसवले होते, कुठे दोन अक्षरे जोडली, कुठे कोणती खूण वापरली, हे आज कोणालाही तपासता येते. उलट ‘ख्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. एकाच लेखकाच्या दोन ग्रंथांचे हे दोन प्रकारचे नशीब प्रतिरूपाचे मोल सांगते.

मराठी कागदपत्रांकडे वळलो की अभ्यास आणखी रसाळ होतो. मोडी पत्रात लेखक आधी शिरोरेघ ओढतो आणि तिच्याखाली बोरू कमीत कमी उचलत लिहीत जातो. शब्दांमध्ये जागा सोडत नाही. देवनागरीत लिप्यंतर करताना शब्द तोडावेच लागतात, आणि तोडणे म्हणजे अर्थ लावणे. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असते, शेवटी मोर्तब असते. लांब पत्रासाठी कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवतात आणि जोडावर मागच्या बाजूने शिक्का उठवतात, म्हणजे मधला तुकडा बदलला तर लबाडी उघड व्हावी. ज्या प्रतिरूपात फक्त पुढची बाजू छापली आहे, त्याने या पुराव्याचा अर्धा भाग गमावला. म्हणून पत्राचे प्रतिरूप हाती आले की पहिला प्रश्न हा विचारावा की कागदाची पाठ कुठे आहे?

पोथीच्या पानावरही असेच पाहायचे असते. चुकलेल्या अक्षरावर लहिया, म्हणजे पोथीची नक्कल करणारा, पिवळी हरताळ लावतो आणि वर दुरुस्ती लिहितो. काळ्या-पांढऱ्या छपाईत ती हरताळ फिकट डागासारखी दिसते आणि दुरुस्ती मूळ मजकुरासारखी वाचली जाते. समासातल्या टिपा कधी लहियाच्या असतात, कधी शंभर वर्षांनंतरच्या वाचकाच्या. शाईचा रंग आणि बोरूची जाडी हाच त्यांच्यातला भेद. शेवटच्या पुष्पिकेत कोणी, कुठे, कोणासाठी, कोणत्या शकात लिहिले ते असते. म्हणून चांगले प्रतिरूप रंगीत असावे, मूळ आकाराचे असावे, पानाच्या कडा पूर्ण दाखवणारे असावे, आणि शेजारी मोजपट्टी व रंगपट्टी असावी. काजळाची शाई अवरक्त प्रकाशात गडद राहते, लोहयुक्त शाई फिकी पडते; त्यामुळे डोळ्याला सारखे दिसणारे दोन हात कॅमेऱ्याला वेगळे करता येतात. तिरप्या प्रकाशात खरवडलेली जागा उठून दिसते, आणि कागद उजेडासमोर धरला की विलायती कागदातले जलचिन्ह त्याचा काळ सांगू लागते.

प्रतिरूपही फसवू शकते, हे नवख्या अभ्यासकाने आरंभीच ध्यानात घ्यावे. १९६८ साली चार्ल्टन हिनमन यांनी शेक्सपिअरच्या १६२३ च्या फोलिओचे प्रसिद्ध प्रतिरूप तयार केले. त्यासाठी त्यांनी एकाच संग्रहालयातल्या निरनिराळ्या प्रतींतून सर्वांत स्वच्छ पाने निवडली. परिणामी जे पुस्तक तयार झाले, ते त्या स्वरूपात कोणाच्याही कपाटात कधीच नव्हते. हिनमन यांनी आपली रीत उघड सांगितली होती, म्हणून तो ग्रंथ आजही विश्वासार्ह आहे. पण डाग पुसून, कडा कापून, अक्षरे गडद करून देखणे केलेले आणि त्याविषयी मौन पाळणारे प्रतिरूप कमअस्सल छापील पुस्तकापेक्षा धोकादायक, कारण वाचक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. कोणत्या प्रतीवरून, कोणी, केव्हा, काय बदलून हे छापले, हे पहिल्या पानावर लिहिलेले नसेल तर ते प्रतिरूप शोभेचे समजावे.

पोलादपूर-महाडच्या विद्यार्थ्याला या अभ्यासासाठी दूर जायची गरज नाही. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत. ओला कागद दगडावर ठोकून आणि वर शाई फिरवून घेतलेला ठसा हे शिलालेखाचे प्रतिरूपच होय. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली पश्चिम भारतातल्या लेण्यांचे जे लेख प्रसिद्ध केले, त्यांत महाडचेही आहेत. महाड तालुक्यातच शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी तिथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला, अशी परंपरा आहे. कल्याणस्वामींच्या हातची म्हणून मानली गेलेली डोमगावची प्रत आधाराला घेऊन शंकर श्रीकृष्ण देव यांनी दासबोध छापला, आणि पुढे १९३० साली ही घळ शोधून काढली ती त्यांनीच.

आणि ज्या १९२७ साली शिवभारत छापून निघाले, त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. ३ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. महाराष्ट्र शासनाने १९९० साली वसंत मून यांच्या संपादनाखाली ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ ही त्यांची पत्रे ग्रंथरूपाने पुन्हा उपलब्ध करून दिली. वृत्तपत्राचे मूळ पान पाहताना बातमीशेजारची बातमी, मथळ्याचा आकार, जाहिरात आणि वर्गणीची विनंतीही दिसते. लेख निवडून छापलेल्या संग्रहात हे सारे गळते, आणि त्यासोबत चळवळीची रोजची ओढाताणही गळते.

शेवटी या प्रदेशाविषयी एक कळकळीचे सांगणे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या. माळ्यावर, देवघरात, लोखंडी पेटीत ठेवलेली इनामपत्रे, वतनाचे कागद, पोथ्या अशा पाण्यात एका रात्रीत लगदा होतात. ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी ते कोणाला देऊन टाकण्याची गरज नाही. पावसाळ्याआधी कोरड्या दिवशी, सावलीत, मोजपट्टी शेजारी ठेवून, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. कागद कुठला आणि कोणाकडचा हे लिहून ठेवावे. आणि एक प्रत घराबाहेर सुरक्षित ठेवावी. शिक्षकांनी दोन-चार मुलांना मोडी शिकवावी. पोलादपूरच्या वाचनालयात आणि शाळांत शिवभारताच्या तंजावरच्या पोथीचे उत्तम प्रतिरूप यावे, यासाठी गावाने, ग्रंथालयांनी आणि शासनाने मिळून प्रयत्न करावेत. परमानंदांची समाधी ज्या गावाने जपली, त्या गावातल्या मुलांना त्यांच्या काव्याचे पान पाहता आलेच पाहिजे.

वाचकहो, पुढचे प्रकरण उघडण्यापूर्वी घरातला जुन्यातला जुना कागद शोधा आणि त्याच्या दोन्ही बाजू नीट पाहा. अभ्यासाला तिथूनच सुरुवात करा.