ओत्रांतो : एकाच छताखालच्या दोन साक्षी

१/५
इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाच्या टाचेवर ओत्रांतो हे छोटेसे बंदर आहे. अल्बानियाचा किनारा येथून सुमारे ७० किलोमीटर. या अरुंद समुद्रमार्गाने व्यापारी आले, कथा आल्या आणि आरमारेही आली.

२/५
येथील कॅथेड्रलची जमीन म्हणजे एक प्रचंड मोझेइक आहे. ११६३ ते ११६५ या काळात पान्तालेओने नावाच्या धर्मगुरूने ते घडवले. दोन हत्तींच्या पाठीवर महावृक्ष उभा आहे. त्याच्या फांद्यांभोवती आदम-ईव्ह, नोहाची नौका, बारा महिन्यांची कामे, सिकंदर आणि राजा आर्थर एकत्र नांदतात.

३/५
जुलै १४८० मध्ये गेदिक अहमद पाशाचे उस्मानी सैन्य येथे उतरले. ११ ऑगस्टला शहर पडले. तीन दिवसांनी मिनर्व्हा टेकडीवर सुमारे ८०० पुरुषांचा शिरच्छेद झाला. पुढच्या वर्षी सुलतान दुसरा मेहमद वारला आणि सप्टेंबरमध्ये नेपल्सच्या राजाने शहर परत मिळवले.

४/५
मृतांच्या अस्थी त्याच कॅथेड्रलमध्ये काचेआड रचलेल्या आहेत. त्यांनी धर्मांतर नाकारले म्हणून त्यांना मारले, असे चर्चची परंपरा सांगते. २०१३ मध्ये त्यांना संतपद मिळाले. काही इतिहासकार मात्र या हत्याकांडाकडे प्रतिकार करणाऱ्या शहराला दिलेली शिक्षा म्हणून पाहतात.

५/५
अस्थींवरून हत्या सिद्ध होते. मारणाऱ्यांचा हेतू शोधायचा, तर लिखित साधनेच तपासावी लागतात. ओत्रांतोला गेलात, तर अस्थींसमोर नतमस्तक व्हा आणि पायाखालचे मोझेइकही सावकाश वाचा. त्या शहराची कहाणी दोन्ही मिळूनच पूर्ण होते.