पूर्ण वस्तू आणि सुटा भाग : इलेक्ट्रॉनिक वस्तूंवरील आयातशुल्काचा भारतीय इतिहास

भारतात रेडिओ, दूरचित्रवाणी संच किंवा मोबाईल फोन यांच्या किमतींची चर्चा निघाली की ती सहसा शुल्काच्या टक्केवारीभोवती फिरते. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी 'काय स्वस्त, काय महाग' अशी चौकट छापण्याची वृत्तपत्रांची रीत याच समजुतीची द्योतक आहे. परंतु या वस्तूंचा गेल्या सुमारे पाच दशकांचा इतिहास पाहता टक्केवारीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक निर्णायक ठरलेला प्रश्न वेगळा आहे : बंदरात वा विमानतळावर उतरलेल्या मालाला कोणत्या नावाने ओळखायचे? तो पूर्ण वस्तू मानायचा की सुटा भाग? सीमाशुल्क दरसूची अधिनियम, १९७५ च्या अनुसूचीत एखादी वस्तू एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेली, की तिची किंमत, तिची जुळणी होण्याचे ठिकाण आणि ती पाठविणाऱ्या देशाशी असलेले संबंध हे तिन्ही बदलत आले आहेत.

स्वातंत्र्योत्तर काळातील पहिल्या टप्प्यात हा प्रश्न फारसा उद्भवला नाही. कारण ग्राहकोपयोगी वस्तूंची आयात परवाना पद्धतीमुळे जवळजवळ बंदच होती. १९६३ मध्ये होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९६६ मध्ये, भाभांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. स्वावलंबन हे त्याचे प्रमुख सूत्र होते. १९७० मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला. मुंबईत अंधेरी येथे १९७३ मध्ये उभे राहिलेले सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र निर्यातीसाठी होते. आयात केलेले भाग तेथे शुल्काविना येत, पण त्यांपासून बनलेली वस्तू परदेशी जाण्यासाठी असे. कुंपणाबाहेरच्या ग्राहकाची गरज भागवली ती वेगळ्याच व्यवस्थेने. मुंबईचे मुसाफिरखाना, मद्रासचे बर्मा बाजार, दिल्लीचे पालिका बाजार, कलकत्त्यातील खिदिरपूर आणि सिलिगुडीपासून जवळ, नेपाळच्या हद्दीतील धुलाबारी ही नावे त्या काळी परदेशी टेपरेकॉर्डर व घड्याळांसाठी देशभर ठाऊक होती. आखाती देशांतून परतणाऱ्या केरळी कामगाराच्या सामानातील 'टू-इन-वन' हा तर त्या पिढीच्या स्मृतीचाच भाग आहे. अर्थशास्त्रीय दृष्टीने पाहता, या बाजारांतील भाव आणि सिंगापूर-दुबईतील भाव यांच्यातील तफावत ही त्या काळच्या निर्बंधांची खरी मोजपट्टी होती. सरकारी दरसूचीतील आकडे तिच्यापुढे नाममात्र ठरत.

या बंद व्यवस्थेला पहिला मोठा तडा गेला तो १९८२ मध्ये. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा व्हावयाच्या होत्या आणि तत्पूर्वी रंगीत प्रसारण सुरू करण्याचा निर्णय झाला. त्याचा आग्रह धरणारे तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंतराव साठे यांच्यावर गरीब देशात चैनीच्या वस्तूवर परकीय चलन उधळले जात असल्याची टीका झाली. प्रसारण आहे पण संच नाहीत, या पेचातून आयातीचे नियम सैल करण्यात आले आणि परदेशातून सुट्या भागांचे संपूर्ण जुडगे आणून देशात संच जोडण्याचा व्यवसाय फोफावला. पेटीत येणारा माल कायद्याच्या भाषेत 'भाग' होता. व्यवहारात तो स्क्रू पिळण्याचे काम शिल्लक असलेला दूरचित्रवाणी संच होता. 'स्क्रू-ड्रायव्हर उद्योग' हा हेटाळणीचा शब्द याच सुमारास प्रचारात आला. टीका रास्त होती, तरी तिच्यात एक गोष्ट सुटत असे : भागांवर कमी आणि पूर्ण वस्तूवर अधिक शुल्क ठेवले, की उद्योजक जुळणीपुरताच थांबणार हे त्या दरसूचीतच अनुस्यूत होते. मागे जाऊन भाग बनविण्यासाठी तिने कोणतेही आमिष ठेवले नव्हते.

भाग कोठे संपतो आणि वस्तू कोठे सुरू होते, याचे उत्तर कायद्यात आहे. दरसूचीच्या अर्थनिर्णयाच्या नियमांपैकी २(अ) या नियमानुसार अपूर्ण किंवा न जोडलेली वस्तूही, तिच्यात पूर्ण वस्तूचे मूलभूत स्वरूप असेल तर, पूर्णच मानली जाते. या नियमाची कसोटी लागली ती सोनी कंपनीच्या भारतीय शाखेच्या खटल्यात. १९९५ ते १९९७ या काळात कंपनीने रंगीत दूरचित्रवाणी संचांचे भाग ९४ वेगवेगळ्या खेपांमधून आणले होते. या सर्व खेपा एकत्र धरल्यास ते न जोडलेले संचच होत, असा सीमाशुल्क खात्याचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो फेटाळला. नियम २(अ) एकत्र सादर केलेल्या आणि केवळ जुळणीची गरज असलेल्या मालाला लागू होतो. स्वतंत्र खेपांतून आलेले आणि देशात गुंतागुंतीच्या प्रक्रियांतून जाणारे भाग हे भागच, असा या निर्णयाचा आशय आहे. न्यायदृष्ट्या तो सुसंगत होता. मात्र निकाल लागला तेव्हा सोनीचा हरियाणातील धारुहेडा येथील दूरचित्रवाणी कारखाना बंद होऊन चार वर्षे लोटली होती, आणि तो बंद पडण्याचे कारणही दुसऱ्या एका दरसूचीतच दडलेले होते.

ते कारण समजण्यासाठी नव्वदच्या दशकात डोकवावे लागते. १९९०-९१ मध्ये भारताचे सर्वोच्च शुल्क ३५५ टक्के होते. ते पायरीपायरीने उतरत २००७-०८ पर्यंत १० टक्क्यांवर आले. पण शुल्क उतरले तरी ग्राहकोपयोगी वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध कायम होते. व्यवहारतोलाच्या अडचणीचे कारण देऊन ते राखले जात. अमेरिकेने १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत याविरुद्ध तक्रार केली, १९९९ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला आणि २००० च्या एप्रिलमध्ये ७१४ व २००१ च्या एप्रिलमध्ये उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध उठले. परवान्याची भिंत पडल्यावर संरक्षणासाठी शुल्क हे एकच साधन हाती राहिले. त्यातही एक मोठा भाग आधीच सोडून दिलेला होता : डिसेंबर १९९६ मधील सिंगापूर परिषदेत ठरलेल्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला आणि संगणक, दूरसंचार उपकरणे, अर्धसंवाहक आदी वस्तूंवरील शुल्क २००५ पर्यंत शून्यावर आणण्यास बांधला गेला. दूरचित्रवाणी संच, रेडिओ व संगीतयंत्रे या करारात नव्हती. त्यामुळे संगणकाला शून्य शुल्क आणि दूरचित्रवाणीला संरक्षण, अशी एकाच उद्योगाची दोन घरे झाली.

थायलंडशी ऑक्टोबर २००३ मध्ये झालेल्या करारान्वये सप्टेंबर २००४ पासून ८२ वस्तूंवर परस्पर शुल्कसवलत सुरू झाली आणि सप्टेंबर २००६ मध्ये ती पूर्ण शुल्कमाफीपर्यंत पोहोचली. यादीत रंगीत दूरचित्रवाणी संच आणि पिक्चर ट्यूब दोन्ही होत्या. देशातील उत्पादकाला ट्यूबच्या कच्च्या मालावर शुल्क भरावे लागे, आणि थायलंडहून तयार ट्यूब वा तयार संच सवलतीत येई. सोनीने २००४ मध्ये धारुहेडा येथील उत्पादन थांबवून थायलंडमधील आपल्याच कारखान्यातून संच आणण्यास प्रारंभ केला. त्या निर्णयाला व्यापारी शहाणपणाखेरीज अन्य नाव देता येत नाही. थायलंडशी भारताचा व्यापार शिलकीचा होता. पुढील काही वर्षांत तो तुटीचा झाला. संच स्वस्त झाल्याने ग्राहकाचा लाभ झाला हे खरे, पण आग्नेय आशियाशी होणाऱ्या प्रत्येक पुढील कराराकडे भारतीय उद्योग संशयाने पाहू लागला. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉक येथे भारताने प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारीतून अंग काढून घेतले, त्यामागील भयाचे एक मूळ या अनुभवात सापडते.

मोबाईल फोनच्या बाबतीत सरकारने उलट दिशेने पाऊल टाकले. २०१५ पासून देशांतर्गत फोनवर १ टक्का अबकारी कर आणि आयात फोनवर १२.५ टक्के प्रतिशुल्क असा भेद करण्यात आला होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर हा भेद नाहीसा झाला. म्हणून त्याच दिवशी फोनवर १० टक्के मूळ सीमाशुल्क बसले. डिसेंबर २०१७ मध्ये ते १५ आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये २० टक्के झाले. ग्राहकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ साध्या गणिताने स्पष्ट होतो. १०,००० रुपये मूल्याच्या आयात फोनवर २,००० रुपये शुल्क, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभाराचे २०० रुपये आणि एकूण १२,२०० रुपयांवर, एप्रिल २०२० नंतरच्या दराने, १८ टक्के कर. म्हणजे १४,३९६ रुपये. त्याच मूल्याचा देशात बनलेला फोन ११,८०० रुपयांना पडे. शुल्कावरही कर चढतो, त्यामुळे २,००० रुपयांचे शुल्क खरेदीदारापर्यंत २,५९६ रुपये होऊन पोहोचते. अ‍ॅपल कंपनीने २०१८ च्या अर्थसंकल्पानंतर भारतातील आयफोनच्या किमती वाढविल्या, अपवाद फक्त बंगळुरूमध्ये जुळणी होणाऱ्या 'एसई' या नमुन्याचा. शुल्काचे उद्दिष्ट आणि त्याची किंमत दोन्ही या एका अपवादात दिसतात. नोएडा, श्रीपेरुंबुदूर, कोलार येथे कारखाने उभे राहिले. तोवरचा भार महागडा फोन घेणाऱ्याने उचलला.

दूरचित्रवाणीत मात्र तीच युक्ती अंगलट आली. संचाच्या किमतीचा मोठा हिस्सा असलेल्या 'ओपन सेल' पडद्यावर शुल्क बसताच सॅमसंगने २०१८ मध्ये चेन्नईजवळील उत्पादन थांबवून व्हिएतनाममधून संच आणणे पसंत केले. आसियान करारामुळे पूर्ण संचाला तेथून शुल्क पडत नव्हते. सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये पडद्यावरील शुल्क काढले, ऑक्टोबर २०२० मध्ये ५ टक्के पुन्हा लावले, आणि दरम्यान जुलै २०२० मध्ये रंगीत संचांची आयात परवान्याखाली आणली. २००१ मध्ये पडलेली भिंत अशी एका कोपऱ्यातून पुन्हा उभी राहिली.

फोनवरील शुल्काची किंमत राजनैतिक पातळीवरही मोजावी लागली. युरोपीय संघ, जपान आणि तैवान यांनी २०१९ मध्ये तक्रारी दाखल केल्या. वाद पुन्हा नावाचाच होता. १९९६ च्या जागतिक नामावलीत मोबाईल फोन प्रक्षेपण उपकरणांच्या ८५२५ या शीर्षकाखाली होता. २००७ च्या फेररचनेत तो ८५१७ या टेलिफोनच्या शीर्षकाखाली आला. भारताचे म्हणणे असे, की या स्थलांतराच्या वेळी आपल्या वचनसूचीत चूक राहिली, आणि १९९६ मध्ये ज्यांची कल्पनाही नव्हती अशा उपकरणांना शून्य शुल्काचे वचन दिले गेले. एप्रिल २०२३ मधील अहवालांत तज्ज्ञ मंडळाने हे अमान्य केले. भारताने जपान व युरोपीय संघाच्या प्रकरणांत अपील केले, पण ते ऐकणारे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी ठप्प होते. तक्रारदारांपैकी युरोपीय संघाने स्वतः याच करारातील सेट-टॉप बॉक्स व सपाट पडद्यांना वेगळे नाव देऊन शुल्क आकारले होते आणि २०१० मध्ये अमेरिका, जपान व तैवान यांच्याविरुद्ध तो हरला होता, ही बाब भारतात क्वचितच नोंदली जाते.

करारबद्ध शून्यामुळे शुल्काचा मार्ग बंद असला की परवाना आठवतो. ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉप व टॅब्लेटच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर झाली; अमेरिकेसह व्यापारी भागीदारांच्या आक्षेपानंतर तिची जागा नोंदणीवजा व्यवस्थेने घेतली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात फोनवरील शुल्क १५ टक्क्यांवर आले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील एकूण अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांवर नेले; तिरुपूरचे कपडे, सुरतचे हिरे आणि आंध्रची कोळंबी त्याखाली सापडली. भारतात जुळणी झालेले स्मार्टफोन मात्र वाचले. २०२२ च्या जागतिक नामावलीत स्मार्टफोनला प्रथमच स्वतःचा उपक्रमांक मिळाला होता, आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने सूट दिलेल्या वस्तूंच्या यादीत तोच क्रमांक लिहिलेला होता.