देवाची सुटी, हुंडीची सुटी

मालवण तालुक्यातले आचरे गाव दर काही वर्षांनी अख्खे रिकामे होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला, की ठरल्या दिवशी माणसे गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री-मांजरे आणि तांदळाची पिशवी घेऊन वेशीबाहेर पडतात. तीन दिवस, तीन रात्री. माळावर झोपड्या उभ्या राहतात, तीन दगडांच्या चुलीवर पेज रटरटते, रात्री भजने, फुगड्या, पत्त्यांचे डाव. मुसलमान घरेही निघतात. शाळेला सुटी असतेच. मुलेच नाहीत तर घंटा कोणासाठी बडवायची? मग परतीचा कौल मागायचा, आणि देवाने तो दिला नाही तर मुक्काम वाढला. ही गावपळण.

सुटीचे कूळ शोधायला राजपत्रापेक्षा हा माळ बरा. एकट्याने काम थांबवले तर ती रजा. सगळ्यांनी एकदम थांबवले तर सुटी. ‘रजा’ अरबी आहे, मूळ अर्थ संमती, मर्जी. म्हणून ती मागावी लागते आणि साहेब ती मंजूर करतो. ‘सुटी’ सुटण्यातली, घरचीच. ती मागत नाहीत, ती पडते. ‘कौल’ पुन्हा अरबी. अर्थ शब्द, वचन. आमच्याकडे देव पाषाणाला लावलेली ओली पाकळी उजवीकडे पाडून हा शब्द देतो. इंग्रजी ‘हॉलिडे’ही मुळात पवित्र दिवसच.

मग सरकारच्या यादीत देवाच्या जागी कोण आले? हुंडी! दर वर्षी सुट्यांची जी अधिसूचना निघते, तिला आधार १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५चा. हुंडीची मुदत नेमकी सुटीच्या दिवशी भरली तर पैसे कधी द्यायचे, हा त्या कलमाचा प्रश्न. त्यासाठी आधी सुटी म्हणजे कोणता दिवस ते ठरवणे आले. त्या व्याख्येत रविवार बसला, आणि सरकार जाहीर करील ते दिवसही. गणेशचतुर्थीची सुटी देणाऱ्या कागदावर सावकारी कायद्याचे नाव असावे, हे मला अजूनही गमतीचे वाटते.

पण रविवार व्याख्येत बसला म्हणून मुंबईच्या गिरणीत मिळाला नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४पासून त्याची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि १० जूनला मालकांनी मान तुकवली. रविवार खंडोबाचा वार, असेही लोखंडे म्हणत असे सांगतात. म्हणजे इथेही देव पुढे केलाच! त्या गिरण्यांत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातली, म्हणजे मालवणाकडचीही, माणसे पुष्कळ. आठवड्याची सुटी मिळाली तरी चतुर्थीला गावी यायला चाकरमान्याला रजाच टाकावी लागे.

अमेरिकेची गोष्टही अशीच कचेरीतून सुरू होते. तिथला १८७०चा पहिला सुटीचा कायदा फक्त राजधानीतल्या सरकारी नोकरांपुरता होता: नववर्ष, ४ जुलै, थँक्सगिव्हिंग, नाताळ. सगळ्या राज्यांना बांधणारी राष्ट्रीय सुटी तिथे आजही नाही. संघराज्याचा कायदा संघराज्याच्या नोकरांपुरता. आणि १९६८च्या कायद्याने काही सुट्या उचलून सरळ सोमवारी ठेवल्या, शनिवार-रविवारला जोडून. थोरांचा जन्मदिवस सोयीप्रमाणे हलतो, हे ऐकून आमच्याकडची म्हातारी माणसे हसतील. पण तिथली आपली मंडळी तरी काय करतात? गणपतीची आरती शनिवारी, आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन बहुधा ४ जुलैच्या आसपास.

मालवणात मात्र एक दिवस कोणाला सरकवता आलेला नाही. नारळी पौर्णिमेला संध्याकाळी बंदरावर मानाचा नारळ समुद्राला जातो, आणि काठावर नारळ लढवायला झुंबड उडते. ज्याचा फुटला त्याचा नारळ दुसऱ्याने न्यायचा. इथे सुटी समुद्राने दिलेली. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हा हुकूम सरकारचा. बिनइंजिनाच्या होडीला तो लागू नाही. पण ऑगस्ट उजाडला, समुद्र थोडा निवळला, तरी एखादी जुनी होडी झापांखाली तशीच आडवी असते. मालकाला विचारले तर तो आकाशाकडे बघतो: ‘नारळ पडांदे आदी.’